मनाचा रिपोर्ट

बोईसरमध्ये कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसायला रिपोर्ट लागतो. चेष्टा नाही करत. तारापूर एमआयडीसीतून मालाचा एक ड्रम गेटबाहेर पडायचा तर त्याच्या आधी क्यूसी लॅबचा कागद तयार असावा लागतो. तिकडे अणुवीज केंद्रातले लोक छातीवर बिल्ला लावून काम करतात, अंगावर किरणोत्सर्ग किती आला ते मोजायला. अशा गावात "मला बरं वाटत नाहीये" ह्या वाक्याला फारशी किंमत नसते. कागद दाखवा, मग बोलू.

माझा आतेभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) अशाच एका केमिकल कंपनीत क्यूसीला आहे. बारा वर्षं झाली. पाळ्या फिरत्या, म्हणजे एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो हळूहळू गप्प होत गेला. आधी क्रिकेट बंद झालं, मग जेवण अर्धं झालं, मग सुट्टीच्या दिवशी दुपारी चारपर्यंत पडून राहणं सुरू झालं. त्याला विचारूनच हे लिहितोय. "नाव नको घालू, बाकी काय लिहायचंय ते लिही" म्हणाला.

आमच्याकडे मानसोपचार म्हटलं की आधी "ठाण्याला" आठवतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे "ह्याला ठाण्याला न्यायला पाहिजे" हा विनोद आमच्या पिढ्यान् पिढ्या ऐकत आल्यात. तरीही वहिनी हिमतीची. ती दादाला पालघरला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन असं सगळं तपासून घेतलं, नैराश्याचं निदान केलं आणि एक गोळी सुरू केली. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका, हेही सांगितलं.

घोटाळा झाला तो रक्ताच्या रिपोर्टांनी. सगळे नॉर्मल! आत्या म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे ना, मग आजार कसला? रिपोर्टात तर काहीच नाही." ह्याचा पुढचा अर्थ तिने बोलून दाखवला नाही, पण दादाला तो ऐकू गेलाच. रिपोर्टात काही नाही, म्हणजे आळशीपणा.

तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईकडच्या एका केंद्राचं पत्रक पाठवलं. डोक्याला टोपी लावून ब्रेन मॅपिंग करतात, मेंदूची लाल-निळी चित्रं येतात आणि तुमच्या मेंदूला नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरवतात. खर्च दादाच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा. फोन केल्यावर अजून एक अट कळली. लहरी 'स्वच्छ' दिसायला हव्यात म्हणून चालू औषध आधी बंद करून यायचं!

आत्या खूश. दादा त्याहून खूश, म्हणजे जेवढा होऊ शकत होता तेवढा. मला म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, तुला ग्राफबिफ कळतात. सांग, करू का?"

पुढचे दोन वीकांत मी ह्यातच घातले. आधी मशीनबद्दल सांगतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. लाखो पेशींचा गलबला एका तालात झाला की त्याचा पुसटसा पडसाद कवटीबाहेर मोजता येतो. मोजमाप मायक्रोव्होल्टमध्ये, साधारण १० ते १००. व्होल्टचा लाखावा भाग दहा मायक्रोव्होल्टचा, ह्यावरून काय ते समजा. माणसाच्या मेंदूची अशी नोंद पहिल्यांदा १९२४ साली जर्मनीत येना इथे हान्स बर्गर ह्यांनी केली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. बर्गर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होते. म्हणजे 'लहरींवरून मन ओळखू' हे स्वप्न ईईजीच्या जन्मापासूनचं आहे, कुणा पत्रकवाल्याने काल काढलेलं नव्हे. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीला 'भावाचं काहीतरी बिनसलंय' असं वाटलं आणि वडिलांची तार आली. विचार एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात की काय, ह्या ध्यासातून त्यांनी मेंदूची वीज शोधायला घेतली. टेलिपथी सापडली नाही, ईईजी सापडला. वाईट एवढंच की १९४१ साली, नैराश्याच्या काळात, ह्याच माणसाने आपलं आयुष्य संपवलं.

तर, ईईजीचा कच्चा सिग्नल घ्यायचा, त्यावर एफएफटी चालवायचं आणि कुठल्या वारंवारतेत किती जोर आहे ते काढायचं. लहानपणी विनअ‍ॅम्पवर गाणं लावलं की उड्या मारणाऱ्या पट्ट्या दिसायच्या ना, तसंच. डोळे मिटून शांत बसलात की डोक्याच्या मागच्या बाजूला ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लहर उठते, डोळे उघडले की विरते. त्याहून संथ ती थीटा, वेगवान ती बीटा. हे आकडे 'सामान्य' लोकांच्या डेटाबेसशी ताडून पाहतात, आणि जिथे फरक पडतो तिथे डोक्याचं चित्र लाल किंवा निळं रंगवतात.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. टोपीत साधारण १९ इलेक्ट्रोड असतात. अल्फा, बीटा, थीटा, डेल्टा अशा चार पट्ट्या धरल्या तर झाले ७६ आकडे. १०० पैकी ९५ लोकांत जे आढळतं ते नॉर्मल मानलं, तर ठणठणीत माणसाच्याही ७६ पैकी सरासरी तीन-चार आकडे नुसत्या योगायोगाने बाहेर पडणार. म्हणजे लाल ठिपका माझ्याही डोक्यात निघेल. तुमच्याही.

शिवाय कचरा किती! पापणी लवली की कपाळाजवळच्या तारेवर डोंगर उभा राहतो. दात आवळले तर वेगळी गर्दी. खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण तर असतेच, ती फिल्टरने काढावी लागते. (तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते, तीही ५० हर्ट्झचीच. आमच्या गावाने देशाच्या ईईजीत एवढी भर घातलीय.) केसांना खोबरेल तेल लावून गेलात तर तंत्रज्ञ परत पाठवील.

पण ह्या सगळ्यापेक्षा मला खटकली ती रात्रपाळी. डुलकी येऊ लागली की अल्फा लहर विरते आणि संथ थीटा वाढते, हे ईईजीचं अगदी प्राथमिक ज्ञान आहे. झोपेच्या काही गोळ्यांनी बीटा वाढते. आता दादा नाईट संपवून सकाळी टोपी घालून बसला तर एक मेंदू दिसणार, आणि चार दिवस नीट झोपून बसला तर दुसरा. औषध नक्की कुठल्या मेंदूला लागू पडायचं? क्यूसीच्या माणसाला हा मुद्दा लगेच पटला. "सॅम्पलच चुकीचं घेतलंय म्हण ना," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जरा धार आली होती.

बरं, मागणी वेडगळ आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले पेशंट होते साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांना दुसरं, मग तिसरं. प्रत्येक औषधाला महिना-दीड महिना द्यायचा. तेवढ्यात माणसाची नोकरी जाते, संसार विस्कटतो. आधीच कळलं असतं तर, असं कुणालाही वाटेल.

म्हणून लोकांनी प्रयत्नही पुष्कळ केले. २०१९ साली ह्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडणारा एक पेपर अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. ईईजीवरून नैराश्याच्या उपचाराला गुण येईल की नाही हे सांगायच्या पद्धतींची संवेदनशीलता सरासरी ७२ टक्के निघाली, विशिष्टता ६८ टक्के. ऐकायला बरं वाटतं. आता हिशोब करा. समजा १०० पेशंटांपैकी ३३ जणांना एका औषधाने गुण येणार आहे. टेस्ट त्यातल्या २४ जणांना बरोबर 'हो' म्हणेल. उरलेल्या ६७ पैकी २१ जणांनाही 'हो' म्हणेल, चुकून. म्हणजे ४५ 'हो' मधले खरे २४. आणि ज्यांना 'नाही' सांगितलं त्यातल्या नऊ जणांना खरं तर ते औषध चाललं असतं.

तेहतीस टक्क्यांवरून त्रेपन्नवर येणं ही कमी गोष्ट नाही, हे आकडे खरे असतील तर. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय की फसलेले प्रयोग छापलेच जात नाहीत, आणि बऱ्याच जणांनी ज्या पेशंटांवर सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग डेटावरच टेस्टिंग! असा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला तर मी परत पाठवीन. त्यांचाही निष्कर्ष हाच होता की दवाखान्यात वापरण्याइतकं हे अजून भरवशाचं नाही. २०२० साली नेचर बायोटेक्नॉलॉजीत जास्त काळजीने केलेलं एक काम आलं. तीनशेहून जास्त पेशंट, काहींना सर्टरालिन, काहींना नुसती खोटी गोळी, आणि ईईजीवरून सर्टरालिनचा गुण ओळखणारं मशीन लर्निंगचं सूत्र. ते वाचून मला खरंच उमेद वाटली. पण प्रयोगशाळेतली उमेद वेगळी आणि औषध थांबवून महिन्याचा पगार ओतणं वेगळं.

आणि मेंदूच्या लहरींच्या रिपोर्टाला माणसं किती वजन देतात ह्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. पुराव्यात आरोपीच्या डोक्याला टोपी लावून घेतलेली 'बीईओएस' नावाची चाचणी होती. गुन्ह्याची 'अनुभवातली आठवण' मेंदूत आहे, असं तिच्यावरून सांगितलं गेलं. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचं म्हटलं, आणि ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत असा निकाल दिला. खटला वेगळा, आजार वेगळा, मान्य. पण कागदावर रंगीत चित्र आलं की समोरच्या माणसाला विचारायचं राहून जातं, हे दोन्हीकडे सारखंच.

असो. ईईजीला नावं ठेवायची नाहीयेत मला. फिट्स, अचानक भ्रमिष्टपणा, मेंदूला सूज असा संशय असेल तर तो हवाच. दादाच्या डॉक्टरांना आम्ही सरळ विचारलं. ते म्हणाले, तशी लक्षणं असती तर मीच पाठवलं असतं. औषध मात्र एक दिवसही बंद करायचं नाही. मग त्यांनी एक कागद पुढे केला. पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. २००१ सालची प्रश्नावली आहे ही, फुकट.

दादाने पेन काढलं आणि बॅच शीट भरतात तसं भरलं. बेरीज १९. नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नावर, त्याने १ लिहिलं होतं. वहिनीने ते तिथेच पहिल्यांदा वाचलं. आत्या बाहेर बाकावर बसली होती, तिला अजून माहीत नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि दादाशी पाऊण तास बोलले. त्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट वहिनीच्या कपाटात राहिलं आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटला. रात्री दोनला लोकल नसते, फोन असतो.

मला राहून राहून वाटतं, आठवडाभर औषध थांबवून तो टोपी घालायला गेला असता तर तो १ कुठल्या रंगात दिसला असता?

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीने तीन महिने जनरल शिफ्ट दिली. पहिल्या औषधाचे सहा आठवडे पूर्ण होऊनही बेरीज १६ च्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. आता दर रविवारी दादा ते नऊ आकडे एका वहीत उतरवतो, शेजारी झोपेचे तास. मागच्या रविवारी ९ होते, त्याआधी ८, त्याआधी १२. सरळ रेषेत काही उतरत नाहीये. नववा रकाना गेले पाच आठवडे शून्य आहे. आत्याला ही वही दाखवली तेव्हा तिने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "ह्यावर डॉक्टरांचा शिक्का का नाही?"

दादा म्हणतो, त्या २०२० वाल्यांचं पुढे काही आलं तर कळव. पण टेस्ट करायचीच झाली तर नाईट नसलेल्या आठवड्यात.