घसारा आणि 121 वे स्तोत्र



121 वे स्तोत्र आपल्या मंडळीत जितके वाचले जाते तितके दुसरे क्वचितच वाचले जात असेल. नव्या घराच्या समर्पणाला ते असते. मुलगा पुण्याला किंवा दुबईला नोकरीसाठी निघाला की असते, ऑपरेशनच्या आदल्या रात्री असते. नाताळच्या सुट्टीत सहलीची गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरला जरा थांबवूनही आपण ते वाचतो. कितीतरी घरांत दाराच्या वर त्याची फ्रेम आहे, आणि त्या फ्रेममध्ये बहुधा बर्फाच्छादित, स्वच्छ, निळा असा डोंगर छापलेला असतो. असा डोंगर बेळगावात कुणी पाहिला आहे कोण जाणे!

ज्यांनी हे स्तोत्र प्रथम म्हटले ते डोंगराकडे लांबून बघत बसलेले नव्हते. 120 पासून 134 पर्यंतच्या पंधरा स्तोत्रांना चढून जाण्याची स्तोत्रे म्हणतात. सणासाठी यरुशलेमेला पायी जाणारे यात्रेकरू ती म्हणत असावेत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे 250 मीटर खाली आहे आणि यरुशलेम सुमारे 750 मीटर वर. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटर चढायचे, तेही उघड्याबोडक्या चुनखडीच्या डोंगरांतून. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूस लुटला गेला तो याच वाटेवर. त्या वाटेने जाणाऱ्याला पाय घसरणे म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको होते.

मला ते दोन वर्षांपूर्वी राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या डोंगरधारेवर कळले.

आम्ही पाच मित्र, तरुण संघापासूनचे, आता पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नाताळ आटोपला की एखादा किल्ला, असा आमचा जुना रिवाज. घरचा सराव म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड, आणि तिथे तर गाडी वरपर्यंत जाते. त्यामुळे तोरणा ते राजगड एका दिवसात चालायचे ठरले तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघून घेतले. 27 डिसेंबरला निघालो, हायवेने नसरापूरपर्यंत आलो, आत वळलो आणि वेल्ह्यात मुक्काम केला. पहाटे साडेचारला बॅटऱ्या घेऊन चढायला लागलो. सोबत गावातला एक विशीचा मुलगा वाटाड्या म्हणून होता. आमचा ड्रायव्हर गाडी घेऊन संध्याकाळपर्यंत गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला यायचा होता. त्यामुळे एकदा धारेवर उतरलो की पुढे जाणे हेच सोयीचे होते.

तोरणा सुमारे 1400 मीटर उंच. मेंगाई देवीच्या देवळापाशी डबे उघडले, चटणी-भाकरी खाल्ली, आणि कोकण दरवाजातून बुधला माचीकडे निघालो. माचीच्या पुढे एक कातळटप्पा उतरला की राजगडाकडे जाणारी धार सुरू होते. दोन्ही बाजूंना दरी, मधे चिंचोळी वाट, आणि त्या वाटेवर घसारा.

घसारा हा शब्द ट्रेकवाल्यांचा. सह्याद्री बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खालून बघितले तर वाटते, याला काय होणार! पण पाऊस त्याच्या भेगांत शिरतो, ऊन त्याला तापवते, आणि थरावर थर सुटा होत जातो. त्याचा मुरूम होतो, मुरमात बारीक खडे राहतात. उतारावर ते खडे सायकलच्या छर्‍यांसारखे वागतात. डिसेंबरात त्यावर वाळलेले गवत उताराच्या दिशेने आडवे पडलेले असते, म्हणजे खडे दिसतही नाहीत. आधार म्हणून गवताचा झुपका धरावा तर तो मुळासकट हातात येतो. लहान दगड धरावा तर तोही येतो. डोंगर मुठीत घेऊन माणूस खाली निघालेला असतो.

आमच्यातल्या एकाला मंडळीत सगळे मास्तर म्हणतात. वीस वर्षे संडे स्कूल शिकवले त्याने. हे सगळे त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्याआधीच्या वर्षी त्याची बायको गेली. आठ महिने आजार चालला होता. आपण सगळ्यांनी साखळी प्रार्थना केली, उपास केले, आणि रोज रात्री कुणी ना कुणी त्या खाटेशी बसून 121 वे स्तोत्र वाचले. दफनाच्या वेळीही तेच वाचले गेले. तेव्हापासून उपासनेत ते स्तोत्र निघाले की मास्तर शास्त्र मिटून मांडीवर ठेवतो. कुणाला काही बोलत नाही. येतो, बसतो, दान टाकतो, जातो. संडे स्कूल सोडले.

तर त्या धारेवर, तीव्र उताराच्या एका जागी, मास्तर थांबला. पाय फाकवून, दोन्ही हातांत गवत धरून, उताराकडे पाठ करून अर्धवट बसला. खाली बघेना. वाटाड्या पुढे होता, मी मागे. मी म्हणालो, ‘‘सावकाश की रे. घाई काय आहे?’’

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘पाय घसरू देणार नाही म्हणता न्हवं तुम्ही? ये की इथं. बघ.’’

त्याचा रोख घसाऱ्यावर नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळले. मागचे दोघे गप्प झाले. मलाही काही सुचले नाही, आणि आज वाटते, ते बरेच झाले. अशा वेळी आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणते, देवाची योजना असते, त्याचे मार्ग वेगळे असतात. खरे असेल. पण उतारावर अडकलेल्या माणसाच्या अंगावर वरून दगड सोडू नयेत, हा डोंगरातला पहिला नियम आहे.

बोलला तो वाटाड्या पोरगा. त्याला आमच्या स्तोत्राचे काही ठाऊक नव्हते. दोन पावले वर येऊन तो म्हणाला, ‘‘काका, पाय घसरणारच हितं. माझा बी घसरतोय. घसरू द्या वीतभर, मग आपसूक थांबतोय. तुम्ही मागं रेलला की बसला. टाच रोवा, अंग पायावर ठेवा. आन् ते गवत सोडा आधी.’’

गवत सोडायला मास्तरला बराच वेळ लागला. मग त्याने एक पाय टाकला. तो घसरला, वीतभर, आणि थांबला. दुसरा टाकला. तोही घसरला. पोरगा त्याच्या खाली, पण थेट रेषेत नाही, जरा बाजूला राहून उलटा उतरत होता आणि प्रत्येक पावलाला ‘‘हां’’ एवढेच म्हणत होता. हात त्याने एकदाही धरला नाही. हात धरला तर एकाचा तोल दोघांना नेतो. फक्त इतक्या अंतरावर राहिला की गरज पडली असती तर हात पोचला असता. शंभरेक फूट उतरायला अर्धा तास गेला असेल.

पुढे खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडला, तिथे सावलीत बसून लिंबूपाणी प्यालो, आणि परत चढ. साडेतीनच्या सुमारास आळू दरवाजातून संजीवनी माचीवर आलो. त्या माचीच्या दुहेरी तटबंदीबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जाऊन पाहावी.

मास्तरचे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. काही महिन्यांनी शास्त्राभ्यासाच्या वेळी पाळकसाहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी एक गोष्ट दाखवली. 121 व्या स्तोत्रात पाय ढळण्यासाठी जे इब्री क्रियापद आहे, ‘मोट’, तेच 46 व्या स्तोत्रात डोंगर समुद्रात ढळण्याबद्दल आहे. तेच यशया 54:10 मध्ये आहे, जिथे टेकड्या हलतील पण माझी दया हलणार नाही अशा अर्थाचे देव बोलतो. आणि तेच 94 व्या स्तोत्राच्या 18 व्या वचनात आहे. तिथे बोलणारा माणूस स्वतःच कबूल करतो की माझा पाय घसरला असे मी म्हणालो, आणि त्याच वाक्यात सांगतो की परमेश्वराच्या दयेने मला सावरून धरले.

मी हे वचन आधी कितीदा वाचले असेल. पण ज्या शास्त्रात पाय ढळणार नाही असे लिहिले आहे, त्याच शास्त्रात माझा पाय घसरला हे म्हणायलाही जागा ठेवली आहे, हे कधी ध्यानात आले नव्हते. दोन्ही एकाच पुस्तकात, तीसेक पानांच्या अंतरावर. कुणी एक खोडून दुसरे ठेवले नाही. आपण मात्र फ्रेम करताना एकच निवडतो. आजाऱ्याच्या खाटेशी बसून आपण ते हमीपत्रासारखे वाचतो, आणि तो माणूस गेला की घरच्यांच्या हातात ते हमीपत्र तसेच राहते, वाळलेल्या गवतासारखे. माझे तरी मत असे झाले आहे की आजाऱ्यापाशी 121 वाचणाऱ्याने 94 सुद्धा वाचावे, आणि दफनाच्या दिवशी तर आधी 94 वाचावे.

मास्तरला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हणालो की 94 व्या स्तोत्राचे 18 वे वचन बघ, तुझ्या धारेवरचे आहे. त्याने ‘‘बघतो’’ म्हटले. बघितले का, ते मी विचारलेले नाही. उपासनेत 121 निघाले की तो अजूनही म्हणत नाही. शास्त्र मात्र उघडे असते, हे मी शेजारी बसत असल्यामुळे सांगू शकतो.

यंदा नाताळनंतर आपला तरुण संघ तोरणा-राजगड करणार म्हणतो, म्हणून चार गोष्टी. धारेवर पाण्याचा भरवसा धरू नका, माणशी तीन-चार लिटर वेल्ह्यातूनच न्या. चांगल्या पकडीचे बूट हवेत, चर्चला घालायचे नव्हेत. पहाटे पाचच्या आत चढायला लागा, नाहीतर राजगडाचा चोर दरवाजा अंधारात उतरावा लागेल. घसाऱ्यावर दोघांत अंतर ठेवा, दगड सुटला की मोठ्याने ओरडा, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला कधीही सर्वांत मागे ठेवू नका. मागे अनुभवी माणूस लागतो.

मास्तर यायला तयार आहे. तो मागे चालेल.