होता, होती, होतं

लेखनाच्या कार्यशाळेत एक प्रश्न ठरलेला असतो : स्वतःची शैली कशी घडवायची? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उपमा, ठेवणीतले शब्द, एखादी खास लकब असं काहीतरी असतं. मी त्याला त्याचाच मजकूर हातात घ्यायला सांगतो आणि प्रत्येक वाक्यातला फक्त शेवटचा शब्द मोठ्यानं वाचायला लावतो. होता. होती. होतं. गेला. होता. सगळे हसतात, आणि मग गुपचूप आपापली वही उघडतात.

मराठी वाक्य सहसा क्रियापदावर येऊन थांबतं. त्यामुळे भूतकाळातलं काही सांगू लागलो, की आशय कितीही बदलो, कानावर एकच ठोका पडत राहतो. या ठोक्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि लेखकाची शैली मला तिथे दिसायला लागते. विशेषणांत नाही. विशेषणं उसनी मिळतात.

समजा, मी लिहिलं : 'पाऊस पडत होता. बसस्टॉपवर एक म्हातारी उभी होती. तिच्या डोक्यावर पिशवी होती.' चूक काहीच नाही, जीवही नाही. यावर नवशिक्याचा पहिला उपाय म्हणजे क्रियापदं उडवणं : 'पाऊस. बसस्टॉप. एक म्हातारी. डोक्यावर पिशवी.' हे दोन ओळी छान वाटतं, तिसऱ्या ओळीला ढोंग होतं. मी बहुधा असं करीन : 'भर पावसात म्हातारी बसस्टॉपवर उभी. डोक्यावर पिशवी धरलेली, आणि पिशवीत भाजी असावी, कारण कोथिंबिरीच्या काड्या तिच्या कानावर आल्या होत्या.' एक 'होत्या' मुद्दाम ठेवला. वाक्याला कुठेतरी पाय टेकायला हवा. पण खरा फरक क्रियापदानं पडलेला नाही, कोथिंबिरीनं पडलाय. वाक्याचा शेवट बदलायला गेलो तेव्हा म्हातारीकडे पुन्हा बघावं लागलं.

हा ठोका तिघांनी कसा हाताळला ते बघा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवलं ते नवऱ्यानं, घरीच. त्या लिहितानाही समोरच्याशी बोलतात. मध्येच संवाद येतो, स्वतःलाच टोमणा बसतो, आणि ठोका आपोआप मोडतो. रडण्यासारखा प्रसंग त्या हसत सांगतात नि पुढे निघून जातात. व्यंकटेश माडगूळकरांचं तंत्र उलटं. 'माणदेशी माणसं' १९४९ चं. त्यातली वाक्यं आखूड, कोरडी, 'होता'ला न घाबरणारी. ते चित्रंही काढत, त्यामुळे किती रेघांत माणूस उभा राहतो याचा अंदाज त्यांना पक्का. ठोका ते लपवत नाहीत, वापरतात. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर! १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करणारा, जॉन्सन-मेकॉले कोळून प्यालेला हा माणूस वाक्य लांबवत नेतो, क्रियापद राखून ठेवतो आणि प्रतिपक्ष दमला की मग हाणतो. व्याकरण तिघांचं एकच, चाल तिघांची वेगळी.

नक्कल करावी का? जरूर करावी, पण एकाचीच करू नये. नुसत्या जीएंच्या नादी लागलेला तरुण दोन वर्षं धुक्यातून बाहेर येत नाही, आणि पुलंच्या नादी लागलेल्याला प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कोटी करावीशी वाटते. (त्यातली एखादी चांगलीही असते, हीच पंचाईत.) चार-पाच जणांचं उसनं घेतलं, की त्यांचं आपसात पटत नाही. त्या भांडणात निवाडा करावा लागतो, तो आपला स्वतःचा.

पहिल्या खर्ड्यात मी शैलीचा विचार करत नाही. दुसऱ्या खर्ड्याला मोठ्यानं वाचतो. घरातले आता दार लावून घेतात. जिथे श्वास अडकतो तिथे पेन्सिलीची खूण. खूण केलेली वाक्यं बहुतेक वेळा अशी निघतात, की जिथे मला नीट माहीत नव्हतं आणि मी भाषेनं भागवून नेलं होतं. ती सजवून सुधारत नाहीत. ती कापायची, किंवा उठून माहिती काढून आणायची.

सध्या माझं भांडण अर्धविरामाशी चाललंय. एका संपादकांनी परवाच्या लेखातले सगळे काढून पूर्णविराम घातले, आणि मजकूर सुटसुटीत झाला हे मान्य. तरी मुद्रितात त्यातले निम्मे मी परत घातले. ते माझ्या बोलण्यातले थांबे आहेत, की नुसती खोड, हे पुढच्या लेखात बघू.