आमची ज्वारी यात कुठंय?

१९९२ च्या उन्हाळ्यात बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात रात्रीची जेवणं उरकली की वीस-पंचवीस माणसं पारावर जमायची. कीर्तनाला नाही, डंकेल ऐकायला. जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या गॅट कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये जागतिक व्यापार कराराचा मसुदा मांडला होता, चारशेहून जास्त पानांचा. तो घ्यायचा तर अख्खा घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा. आमच्याकडे त्यातली फक्त अकरा पानं पोचली होती, चक्रमुद्रित, मराठी सारांशाची. शाई बोटांना लागायची. हायस्कूलचे एक गुरुजी कंदिलाजवळ धरून ती मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक परिच्छेदाला अडवले जायचे.

वाद काय पेटायचा! शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना मानणारे म्हणायचे, येऊ दे डंकेल. सरकार शेतकऱ्याला देतं कमी आणि लुटतं जास्त, उणं अनुदान आहे हे. जोशी स्वतः बर्नला जागतिक टपाल संघात नोकरी करून आलेले, त्यामुळे असले दस्तऐवज त्यांना परके नव्हते. समोरचे म्हणायचे, घरचं बियाणं पेरायलाही उद्या कंपनीची परवानगी लागेल. शेजारच्या कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामींच्या मागं हजारो शेतकरी या प्रश्नावर रस्त्यावर उतरले होते. कोण बरोबर, कोण चूक, हे बाजूला ठेवू. जिनिव्हात सरोवराकाठी चाललेल्या बोलण्यांवर बार्शीच्या पारावर भांडण होत होतं, हे मला आजही अपूर्वाईचं वाटतं.

एका रात्री माझ्या चुलत आज्यानं, आण्णांनी, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गुरुजी, आमची ज्वारी यात कुठंय?"

गुरुजींनी अकराही पानं पुन्हा चाळली. ज्वारी नव्हती.

ती होती, पण दुसऱ्याच कागदात. भारत १९४७ पासून गॅटचा संस्थापक सदस्य. वाटाघाटींच्या जुन्या फेऱ्यांमध्ये आपण तांदूळ, मका, ज्वारी, दूध पावडर यांच्यावर शून्य टक्क्याहून जास्त आयातशुल्क लावणार नाही, असं बांधून दिलं होतं. त्याचा त्रास कधी झाला नाही, कारण परकीय चलनाच्या टंचाईपायी आयातीवर परवान्यांचं कुलूप होतंच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते कुलूप काढायची वेळ आली. १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तू खुल्या झाल्या. त्याच्या थोडंच आधी धावपळ करून ही शून्यं पुन्हा वाटाघाटी करून बदलून घ्यावी लागली आणि बदल्यात दुसरीकडे सवलती द्याव्या लागल्या. दूध पावडरीवर ६० टक्क्यांपर्यंत शुल्काची मुभा मिळाली, पण दहा हजार टनांपर्यंतची पावडर १५ टक्क्यांतच येऊ द्यायची या अटीवर. ज्या वाटाघाटींतून डंकेल मसुदा आला त्या उरुग्वे फेरीत इतर बहुतेक शेतमालाला आपण शंभर, दीडशे, तेलांना तर तीनशे टक्क्यांपर्यंतची ढाल घेतली होती. मग ही शून्यं तेव्हाच का सुधारली नाहीत? त्या काळी आपल्याकडे हुशार अधिकारी होते. ही फेरी सुरू झाली त्या पुन्ता देल एस्तेच्या बैठकीत १९८६ मध्ये भारत आणि ब्राझील यांनी सेवाक्षेत्राच्या प्रश्नावर बड्या देशांना चांगलंच अडवून धरलं होतं. पण हुशार माणसं मोजकी आणि कामं पंधरा. प्रत्येक पिकाचा हिशोब मांडणारं मागे कोणी नव्हतं. त्याची किंमत अजून मोजतो आहोत: हमीभावातून दिलेलं अनुदान आजही १९८६-८८ च्या आंतरराष्ट्रीय भावाशी ताडूनच धरलं जातं.

मग शहाणपण आलं. १९९९ मध्ये दिल्लीत भारतीय विदेश व्यापार संस्थेत जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासासाठी केंद्र उभं राहिलं. २००३ मध्ये कानकूनला संघटनेच्या मंत्रिपरिषदेत भारत, ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका हे देश नुसता नकार घेऊन गेले नाहीत, स्वतःचा पर्यायी मसुदा घेऊन गेले. २००८ मध्ये जिनिव्हातली चर्चा मोडली ती आयात अचानक वाढली तर शेतकऱ्याला संरक्षण किती, या मुद्द्यावर. हे आकडेमोडीच्या जोरावरचं भांडण होतं आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता माझा पुतण्या डाळिंब उत्पादकांच्या कंपनीचं काम बघतो. परवा गेलो तेव्हा तो निर्यातदारांच्या ऑनलाइन बैठकीत होता. कोणत्या देशात शुल्क किती, औषधांचा अंश किती चालतो, कंटेनर कुठे अडतो, सगळं एक्सेलमध्ये भरून पाठवायचं होतं. ते झाल्यावर मी त्याला म्हटलं, ज्वारी बघ. त्यानं जकातीच्या यादीतला १००७ हा क्रमांक टाकला आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर ज्वारी आली, शुल्कासकट. आण्णांना मिळालं नव्हतं ते उत्तर.

पण पार रिकामा आहे. ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली, २४ जुलै २०२५ ला सही झाली. दूधदुभतं आपण त्यातून बाहेर ठेवलं, हे चांगलंच झालं. तरी या साडेतीन वर्षांत आमच्या गावात त्यावर एक संध्याकाळ कोणी बोललं नाही. बोलणार कशावर? मसुदा लोकांना दिसतो तो सही झाल्यावर. डंकेलचा कागद निदान दोन वर्षं आधी वादासाठी हातात पडला होता. आज आकडे आहेत, अभ्यासक आहेत, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं तेच तेवढे बैठकीत नाहीत. निर्यात करणाऱ्याला निरोप येतो, कोरडवाहू ज्वारीवाल्याला येत नाही.

पुढच्या करारांची बोलणी चालूच राहणार आहेत. आपल्या पिकाचा चार आकडी क्रमांक शोधून ठेवा. खासदाराला पत्र लिहून विचारा की या बोलण्यात आमचं पीक कुठं आहे, आणि सारांश मराठीत मागा, सहीच्या आधी.