काल कीं कळ?

दिवाळीच्या आवराआवरींत फडताळांतून माझा जुना मोबाइल फोन निघाला. नातीनें तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारिलें, “आजोबा, हा चांगला होता का हो?” प्रश्न साधा होता, पण उत्तर देण्यापूर्वीं मला क्षणभर थांबावें लागलें.

हा फोन मुलानें मला २०१२ सालीं घेऊन दिला. तेव्हां मी आर्वीस संस्कृत शिकवीत होतों. पुऱ्या कळफलकाची आवड कॅनडाच्या ब्लॅकबेरीनें लाविली, पण तो थाट श्रीमंतांचा. २०१० सालीं नोकियाचा ‘सी-३’ आला आणि ही सोय मध्यम स्थितींतल्या गृहस्थाच्या आटोक्यांत आली. त्याची जाडी अवघी १३.६ मिलिमीटर. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा. घाट मात्र तोच.

त्याचे गुण मी मोकळ्या मनानें सांगतों. पूर्वींच्या फोनांत एका कळीवर तीन-चार अक्षरें दाटीवाटीनें बसत. हव्या त्या अक्षरासाठीं तीच कळ पुनःपुन्हां दाबावी लागे. येथें प्रत्येक अक्षरास स्वतंत्र कळ. कळा उंचवट्याच्या असल्यामुळें चष्मा नसतांनाही बोटांस वाट सांपडे. दोष एकच : सर्व अक्षरें रोमन होतीं. अर्थात् मराठीही रोमन अक्षरांतच लिहावयाची.

माझी धाकटी बहीण हिंगणघाटास असते. ती मुलीकडून परतणार होती, त्याच सुमारास भाच्याचा निरोप आला. रोमन लिपींत ‘काल’ आणि ‘कळ’ हे दोन्ही शब्द के, ए, एल या तीन अक्षरांनींच लिहितात. मीं वाचलें, “आईला काल आली.” बहीण सुखरूप पोहोंचली असें समजून मी निश्चिंत झालों. मधल्या ‘ला’चें मला हसूंही आलें. भाच्यास विभक्ति कळत नाहीं, असें म्हणून ती चूक मीं मनांतल्या मनांत तांबड्या शाईनें खोडली.

चूक त्याची नव्हती. त्यानें लिहिलें होतें, “आईला कळ आली.” पित्ताशयांतील खड्यांनीं ती तळमळत होती. तिसऱ्या दिवशीं मला सत्य समजलें, तोंवर शस्त्रक्रियाही उरकली होती. मी धांवत गेलों. तिनें एवढेंच विचारलें, “दादा, निरोप पोहोंचला नव्हता का रे?” निरोप पोहोंचला होता, अर्थ पोहोंचला नव्हता. जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्या माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हतें.

देवनागरी यंत्रावर कशी बसवावी, हा प्रश्न आमच्या वर्ध्यास नवा नाहीं. येथें १९३६ सालीं राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली. काकासाहेब कालेलकरांनीं ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली, ती याच विवंचनेंतून. यंत्रासाठीं लिपीस मुरड घालावी, असा तो विचार. आम्ही तर लिपीच सोडून मोकळे झालों!

पुढें संगणकावर मीं ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक पाहिला आणि माझें समाधान झालें. १९९१च्या भारतीय मानकांत त्याचा अंतर्भाव आहे. डाव्या हातास स्वर, उजव्या हातास व्यंजनें. अल्पप्राण आणि त्याचा महाप्राण एकाच कळीवर. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबली कीं ‘ख’ उमटतो. ‘ल’ आणि ‘ळ’ हेही शेजारधर्मानें एकाच कळीवर नांदतात. येथें यंत्रच आपल्या वर्णमालेस शरण आलें आहे.

आज माझ्या हातीं कांचेचा फोन आहे. त्यावर बोटें चुकतात, उंचवट्याच्या कळांची आठवण होते. पण निरोप मी देवनागरींतच लिहितों, आणि भाचाही. घरांत फोन घेतांना किंमत व जाडी अवश्य पाहावी; पण आपल्या माणसाची वेदना त्याच्या अक्षरांत लिहितां येते कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

नातीस मीं सांगितलें, “फोन फार चांगला होता, बाळ. फक्त त्यांत ‘ळ’ नव्हता.”