दुधाचे दात

दिल्लीच्या रामकृष्णपुरमातील सरकारी निवासांत थंडी केवळ माणसांचीच परीक्षा पाहते असे नाही. मार्गशीर्षात आमच्या जिन्याखाली एका भटक्या कुत्रीस चार पिल्ले झाली. ती जेमतेम पाच आठवड्यांची होतात तोच आई गाडीखाली सापडली. दोन पिल्ले गारठून गेली, एक कोणी नेले आणि उरलेले आमच्या कन्येने स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून वर आणले. नाव ठेवले खंड्या.

आमच्या मातोश्री दत्तभक्त. तसबिरीतील चार श्वानांना नित्य गंधफूल वाहणाऱ्या मातोश्रींनी या पाचव्याविषयी मात्र ‘जिन्यातच बरा’ असा निकाल दिला. वडील गेल्यावर साताऱ्याचे घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या, त्यास तेव्हा चारच महिने झाले होते. परक्या गावात, परक्या भाषेत, निदान या घरात तरी आपला शब्द चालतो की नाही, हे त्या अजमावीत असाव्यात. आम्हास ते त्या वेळी उमगले नाही. खंड्या राहिला.

आणि चावू लागला. पायजम्याची नाडी, कन्येची वेणी, सौभाग्यवतींच्या पदराचे टोक. आणि या सर्वांहून प्रिय अशी हलणारी बोटे! कुत्र्याच्या पिल्लास दुधाचे दात २८ असतात आणि ते सुईसारखे अणकुचीदार असतात. सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या सरदारजींनी नाकावर टिचकी मारण्यास सांगितले. कचेरीतील एका सहकाऱ्याने हातास मिरची चोळण्याचा उपाय सुचविला. टिचकी हा खंड्याने खेळच मानला. मिरचीचा हात आमच्याच डोळ्यास लागला.

एके सायंकाळी मातोश्री जप करीत असता त्याने त्यांच्या मनगटावर दात रोवले. त्यांना रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. कातडी तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी. रक्त थांबेना. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटे जखम धुतली, मग रुग्णालयात धाव घेतली. पिल्लास अद्याप लस टोचलेली नव्हती, तेव्हा मातोश्रींना सुया घेणे प्राप्तच होते. परतताना रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, “मला साताऱ्याच्या गाडीत बसवून दे.” कुत्रा काढ, असे त्या म्हणाल्या नाहीत. तसे म्हणाल्या असत्या तर आम्हास अधिक सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खंड्यास जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले की, पिल्लू चावण्याचे बळ आवरते ते भावंडांत. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते, खेळ मोडते, आणि पहिल्यास कळते की इतके चालत नाही. ही शाळा सुटण्यापूर्वीच याचे सहाध्यायी गेले. तेव्हा त्याची भावंडे तुम्हीच व्हा. दात लागताच हात हिसडू नका, कारण पळणारा हात म्हणजे शिकार. हात सैल सोडा, “आई गं” म्हणा आणि अर्धा मिनिट खोलीबाहेर जा. चावण्यास ओल्या फडक्याची गाठ द्या. पुरेसे झोपू द्या. दमलेले पिल्लू अधिक चावते. आणि मुख्य म्हणजे घरात सर्वांचा नियम एकच असू द्या.

आमच्या “आई गं”ने खंड्यास उलट अधिकच स्फुरण चढे. म्हणून आम्ही मुकाट्याने उठून जाऊ लागलो. कारकुनी स्वभावास अनुसरून एक वहीही घातली: दिनांक, वेळ, चावलेला अवयव, शेरा. सौभाग्यवती हसल्या. परंतु तीन आठवड्यांनी ती वही चाळताना आम्ही चपापलो. दिवसभरच्या नोंदी घटत गेल्या होत्या. सायंकाळी साडेसहानंतरच्या मात्र जशाच्या तशा. साडेसहा ही आमची कचेरीतून परतण्याची वेळ.

वाचकहो, कबुली दिली पाहिजे. दिवसभर ज्याच्या येण्याजाण्याची कोणी दखल घेत नाही अशा मनुष्यास, दारातच कोणी आनंदाने वेडे होऊन त्याची बोटे तोंडात धरली, तर ती सोडवून घेण्याचे धैर्य होत नाही. आम्ही ती रोज थोडा वेळ त्याच्या तोंडात राहू देत होतो. मातोश्रींना चावा बसला तोही त्याच वेळी, आमच्याशी खेळून पिल्लू तापलेले असताना.

त्या रात्री आम्ही वही मातोश्रींपुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती नीट वाचली. “मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “तू लहानपणी असाच होतास. नको म्हटलेलं दाराआड करायचास.” गाडीचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

मग आम्ही परतल्यावर प्रथम हात पाठीमागे बांधून उभे राहू लागलो. चारही पाय जमिनीवर आले की मान खाजवायची, दात लागला की स्नानगृहात जाऊन दार लावायचे. पहिल्या आठवड्यात आमचा बराच काळ स्नानगृहात गेला. तीन महिन्यांचा होताच त्यास लस टोचली. चौथा उलटल्यावर त्याचे दात पडू लागले. पुढे ४२ पक्के दात येतात. त्यांच्या आत हे शिक्षण पुरे व्हावे याची आम्हास घाई होती. हल्ली तो बोटे तोंडात धरतो क्वचित, आणि धरली तरी दाबीत नाही.

मातोश्री त्यास भाकरीचा तुकडा उघड्या तळव्यावर देतात, तो ओठांनीच उचलतो, आणि त्या लगेच हात धुतात. केर काढताना एकदा त्यांना तांदळाच्या कण्याएवढा दात सापडला. कन्येचाही दात त्याच आठवड्यात पडलेला. तिने दोन्ही तुळशीच्या कुंडीत पुरण्याचा हट्ट धरला. मातोश्रींनी विचार केला. कन्येचा तुळशीत पुरला, आणि खंड्याचा शेजारच्या झेंडूत.