उड्या मारणाऱ्या मुलीचं नेसणं

प्रिय आत्या,



फोनवर हा विषय काढला की तुझ्या गॅसवर नेमकं दूध असतं. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांत लिहितेय. तुझं नाव घालत नाही, तुला ते खपणार नाही. पालीतल्या माणसांना कळायचं ते कळेलच.

मुंबईच्या कॉमिक कॉनला तू आली का नाहीस गं?

तिकीट काढलेलं होतं. पालीहून एसटीने खोपोली, तिथून लोकलने कुर्ला, आणि कुर्ल्याला मी उभी राहणार होते. गर्दीचं कारण मला सांगू नकोस. माघी उत्सवात बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेली माणसं तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात, तरी गिऱ्हाइकाचं ब्लाऊज तू दिलेल्या वेळेला देतेस. खरं कारण मला ठाऊक आहे. ‘पोरांच्या सोंगांत माझं काय काम?’ असं तू बाबांना म्हणालीस, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. आत्या, त्या सोंगातलं निम्म्याहून जास्त काम तुझं होतं.

लॅपटॉपवर तुला पहिल्यांदा ‘राजी’ दाखवला तेव्हा तू बिरड्याचे वाल सोलत होतीस, आठवतंय? एक डोळा पडद्यावर, हात वालांत. सर्कशीत कसरती करणारी बहीण, तिचा धाकटा भाऊ गोलू. असुर त्याला पळवून नेतात, दुर्गा बहिणीच्या हाती त्रिशूळ देते आणि ती त्याला शोधायला निघते. मी कौतुकाने सांगत होते, की हा व्हिडिओ गेम आपल्या पुण्यात झालाय, नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या लहानशा कंपनीत. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभा करून पाहिला, तो जमला नाही, तरी काम सोडलं नाही, आणि 2020 मध्ये खेळ जगभर गेला. तू नुसतं ‘हं’ केलंस. मग मधला कथेचा भाग आला, जो सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगतात, आणि तू वाल बाजूला सारलेस. ‘हे तर पिंगुळीच्या बाहुल्यांसारखं!’ कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्या बातमीचं कात्रण तू मशीनच्या खणातून काढून दाखवलंस. दोऱ्याच्या रिळांखाली जपलेलं.

मग विचारलंस, ‘सापडतो का गं तिला तो?’ मी म्हटलं, शेवट सांगणार नाही. तू पुन्हा वाल हातात घेतलेस. आपल्या घरात कोण कोणासाठी शाळा सोडून मशीनवर बसलं, हे बाबांनी मला फार उशिरा सांगितलं. तू तर कधीच नाही.

मग मी कॉमिक कॉनमधल्या पोशाखांच्या स्पर्धेत राजी होऊन जायचं ठरवलं. फोमचं काम माझं. कंबरपट्टा, दंडातली वाकी, त्रिशूळाची पाती, सगळं ईव्हीए फोमचं. हीट गनने शेकला की फोम मऊ पडतो, वरची बारीक छिद्रं मिटतात, आणि गार होईपर्यंत जसा धरावा तसा तो राहतो. दोन्ही कडांना गोंद लावायचा, बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. नंतर तसूभर हलत नाही. हे व्हिडिओ पाहून कोणालाही येईल. पण त्या व्हिडिओंत पालीचा जुलै नव्हता. सरसगड दिवसचे दिवस ढगांत, भिंतींना ओल, आणि गोंदावर दमट हवेची पांढरट साय धरायची. आज जोडलेलं पातं उद्या उकललेलं. दोन दिवस तू माझी चिडचिड पाहिलीस आणि मग लग्नसराईतल्या साड्यांचं रिकामं खोकं आणून त्यात दिवा सोडलास. ‘आधी तुकडे यात कोरडे कर, मग काय ते चिकटव.’ त्यानंतर एकही सांधा सुटला नाही. रंगाआधी पातळ फेव्हिकॉलचे हात दिले, तेही त्या खोक्याजवळच वाळवले.

दांडा पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा, मधोमध जोड दिलेला, म्हणजे लोकलमध्ये नेता येईल. लोखंडी त्रिशूळ का नको, असं तू विचारत होतीस. आत खरं शस्त्र नेऊ देत नाहीत गं.

पण कापडाचं काय करणार होते मी? त्या खेळात कॅमेरा उंचावर असतो, राजी पडद्यावर अंगठ्याएवढी. मी मोठी चित्रं छापून आणली. तू चष्मा लावून पाहिलीस आणि बाजूला ठेवलीस. ‘चित्र राहू दे. ही मुलगी करते काय?’ मग मी खेळून दाखवलं. भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेते, उडी मारून त्रिशूळ खुपसते. ‘मग काष्टाच,’ तू म्हणालीस, आणि तिथेच ठरलं. शेतात चिखलात उतरणाऱ्या बायका जे नेसत आल्या, त्यावर तुझा भरवसा होता.

गॅदरिंगच्या शिवलेल्या नऊवाऱ्या तू डोळे मिटून करतेस. ही तशी केली नाहीस. मला उकिडवी बसवलंस, मांडी घालायला लावलीस, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढायला लावल्यास, आणि कापड जिथे ओढ घेईल तिथे खडूची खूण. त्रिशूळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला सांगितलास आणि मागे उभी राहून चोळी कुठून वर सरकते ते पाहत राहिलीस. मी हात दुखतात म्हणून कुरकुरले, तू ऐकलं नाहीस. मग काखेत उरेब कापडाचा चौकोनी तुकडा घातलास, तळहाताएवढाही नाही. हात वर गेला आणि चोळी जागची हलली नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही व्हिडिओत तो तुकडा नव्हता. मैत्रिणींनी ऑनलाइन मागवलेल्या तयार पोशाखांतही मी मुद्दाम शोधला, तिथेही नाही. ते उभं राहून फोटो काढण्यापुरते शिवलेले. तू मला लढता येईल असं शिवून दिलंस.

दिल्ली हाटात 2011 मध्ये देशातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं तेव्हा मी शाळेत होते. आता बीकेसीत जिओ वर्ल्ड सेंटरला केवढा तो मेळा! जपानी ॲनिमेतले, हॉलिवूडमधले, कुठकुठले वीर आपापली चिलखतं सावरत उभे. दुसरी राजी मला दिसली नाही. परीक्षकांत एक बाई होत्या. त्यांनी त्रिशूळ हातात घेतला, छान म्हणाल्या, परत दिला. मग खाली वाकून काष्ट्याची कड उलटी केली. तू आत कच्ची कड कुठेच ठेवली नव्हतीस, सगळीकडे दुमडून हातटाका. त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. ‘हे कोणी शिवलं?’ मी म्हटलं, पालीला माझी आत्या आहे, तिने. ‘आल्यात का त्या?’

काय सांगायचं होतं मी?

बक्षीस मिळालं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते याचं, की त्या बाईंना तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू पालीत बसून शेजारणीला सांगत होतीस, ‘गॅदरिंगचं काम होतं, दिलं करून.’ शिलाईही घेतली नाहीस. घरच्या पोरीकडून कसली शिलाई, म्हणालीस. बाबांची फी भरलीस तेव्हाही असंच काहीतरी म्हणाली असशील. घरचं म्हटलं की तुझ्या हिशेबात ते काम उरतच नाही, आणि मग ते कोणी केलं हेही कोणी विचारत नाही. मी बोलतेय याचा राग आला तर येऊ दे. तो चौकोनी तुकडा तुला सुचला, त्यामागे तुझी सगळी वर्षं आहेत, आणि मला ते फुकट नकोय.

‘राजी: कलियुग’ नावाचा पुढचा भाग जाहीर झालाय. त्याची चित्रं मी जमवतेय. दिवाळीत येते, कोरड्या हवेत फोमचंही उरकेल. या वेळी गिऱ्हाईक म्हणून येणार आहे. तुझ्या त्या लांबोळक्या वहीत माझं नाव लिही, मापं लिही, आगाऊ घेतलेले पैसे लिही आणि तारीख घाल. स्पर्धेच्या अर्जात कोणी काय केलं ते मी लिहीन, आणि तिथे तुझं पूर्ण नाव येईल. विचारतेय असं समजू नकोस, सांगतेय.

आणि बाबाही येणार आहेत बरोबर. त्यांना नाही म्हणणं तुला जमत नाही, म्हणून त्यांना आधीच पटवून ठेवलंय.

तुझी भाची