सर्व्हरची गव्हाण

दुपारचे तीन. इंदापूरहून मावशीचा फोन, ‘‘अगं, पिंकीचं नाव यादीत आहे का? साइटच उघडत नाहीये!’’ फी भरायची मुदत पाचपर्यंत. मी बारामतीत, दादाच्या शेजारी. त्या कॉलेजचा सर्व्हर तोच सांभाळतो. म्हणजे शिव्याही त्यालाच. १६ जुलै २०२१ला दहावीच्या निकालाची साइट तासन्‌तास झोपली, तेव्हा हाच दादा जाम हसला होता.

‘‘मोठा सर्व्हर घ्या ना,’’ मी अक्कल पाजळली. त्याने स्क्रीन दाखवला. प्रोसेसर निवांत, मेमरी फुल्ल, डिस्क धापा टाकतेय. अपाचे एका वेळी २५६ जणांना आत घेत होतं. प्रत्येकी ४० एमबी, म्हणजे १० जीबी. मशीनमध्ये होते ४! उरलेला सगळा भार डिस्कवर.

‘‘कारखान्यावर उसाच्या सगळ्या गाड्या एकदम गव्हाणीला लावतात का?’’ असं म्हणत त्याने २५६चे ६० केले आणि अपाचे रीस्टार्ट केलं. बाकीचे रांगेत. कमी लोक घेऊन साइट फास्ट कशी होणार? मला काही पटेना.

झाली की! एकेकाचं काम चटकन उरकून जागा मोकळी होत होती. चार-दहाला मावशीचा पुन्हा फोन, ‘‘नाव आहे गं! पण आता फीचं पान अडकलंय.’’ ते पान दुसऱ्याच कंपनीचं. दादाने हात वर केले. मी पर्स उचलली, स्कूटीला किक मारली आणि कॉलेजचा कॅश काउंटर गाठायला सुटले.